बाटलीवर लिहा: दांडा, टाळू की मूळ?

मोठा ताप येऊन गेला, बाळंतपण झालं, शस्त्रक्रिया झाली किंवा महिनाभर अर्धपोटी राहून वजन उतरवलं, की त्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात. कंगव्यात गुंतवळ, उशीवर केस, मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका. तोवर ताप विसरलेला असतो, त्यामुळे कारण काही सापडत नाही आणि तेलाचा शोध सुरू होतो. कुणीतरी सांगितलेलं तेल मिळवण्यात आणखी काही आठवडे जातात. मग नेमाने तेल लावायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत गळती थांबते, कपाळाच्या कडेला बारीक नवे केस दिसू लागतात आणि श्रेय तेलाला मिळतं.

हे तेल लावलं नसतं तरी बहुतेकांची गळती थांबलीच असती. टाळूवर केसांची सुमारे एक लाख मुळं असतात. त्यांपैकी ८५ ते ९० टक्के एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, आणि ही अवस्था २ ते ६ वर्षं चालते. उरलेली बहुतेक विश्रांतीत असतात, ती सुमारे ३ महिन्यांची. शरीराला मोठा धक्का बसला की बरीच मुळं एकदमच विश्रांतीत जातात आणि त्यांचे केस तीनेक महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणजे आज गळणारा केस हा जुन्या घटनेचा परिणाम असतो, आणि तो गळतो तेव्हा मूळ बहुधा पुन्हा कामाला लागलेलं असतं. धक्क्याचं कारण संपलेलं असेल तर अशी गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप आटोक्यात येते. त्या काळात डोक्याला जे काही लावलेलं असेल त्याला यश मिळणारच. तेलाची शिफारस करणारी शेजारीण खोटं बोलत नसते. तिचा अनुभव खरा असतो, त्यातून काढलेलं अनुमान तेवढं चुकतं.

हा प्रश्न घरापुरता राहिला असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण याच तीन महिन्यांच्या वेळापत्रकावर 'नैसर्गिक' केशतेलांचा आणि गोळ्यांचा मोठा बाजार उभा आहे, आणि त्याच्या दाव्यांवर समाज म्हणून आपण पुरेसे प्रश्न विचारत नाही. माझं म्हणणं वनस्पतींच्या विरोधात नाही. त्यांतल्या काही खरोखर कामाच्या आहेत. म्हणणं एवढंच की विकायच्या प्रत्येक बाटलीवर ती नेमकी कुठे काम करते हे लिहिणं सक्तीचं असावं: दांड्यावर, टाळूवर की मुळावर. या तीन जागा वेगळ्या आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक फसगत या तिन्हींची सरमिसळ करूनच होते.

दांडा म्हणजे आपल्याला दिसतो तो केस. तो मृत केराटिन, म्हणजे एक कडक प्रथिन, आहे. त्याला रक्त नाही, त्याला 'पोषण' मिळू शकत नाही. पण त्याचं नुकसान टाळता येतं, आणि इथे खोबरेल तेलाचा पुरावा चांगला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी किंवा धुतल्यावर लावलं असता केसातून निघून जाणारं प्रथिन लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेलामुळे. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे ते दांड्याच्या आत शिरतं. प्रयोग करणारे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हे ध्यानात ठेवावं. तरी त्यांनी जे मोजलं ते मोजण्याजोगं होतं, आणि दावाही तेवढ्यापुरताच होता.

यावरून तेल कसं लावावं हेही ठरतं. केस धुताना पाण्याने फुगतो, वाळताना आकसतो, आणि या ये-जा करण्यात त्याची वरची खवल्यांची साल सैल होते. तेल आत असलं की पाणी कमी शिरतं. म्हणून तेल धुण्याच्या आदल्या रात्री, निदान एक-दोन तास आधी, कोरड्या केसांना लावायचं. खांद्यापर्यंतच्या केसांना १० ते १५ मिलिलिटर पुरे. जास्त ओतलं तर ते काढण्यासाठी शाम्पू दोनदा लागतो आणि कमावलेलं तिथेच जातं. भर कानाच्या खालच्या लांबीवर आणि टोकांवर द्यावा, कारण तो भाग सर्वांत जुना असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा ३६ सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षं ऊन, कंगवा आणि पाणी सोसत आलेलं असतं. एरंडेलाची गोष्ट वेगळी. ते फार चिकट असतं. लांब केसांत ते लावून धुताना केस डोक्यावर गोळा करून चोळले, तर कधीकधी सगळ्या केसांचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो आणि तो कापावाच लागतो. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आणि एरंडेलाने केस उगवतात याला पुरावा नाही.

मेथी, जास्वंद आणि जवस यांचा बुळबुळीत चिकाटा दांड्यावर पातळ थर देतो. त्याने केस मऊ लागतात आणि विंचरताना कमी तुटतात. हा खरा फायदा आहे. दोन मोठे चमचे मेथी आठ तास भिजवून वाटावी आणि फडक्यातून गाळून घ्यावी. न गाळता लावली तर भरड कण केसांत अडकतात आणि ते काढताना तुटायला नको ते केस तुटतात. वीस-तीस मिनिटं ठेवून धुवावी. उरलेली फ्रिजमध्ये ठेवली तरी एक-दोन दिवसांत टाकून द्यावी, कारण त्यात जंतू रोखणारं काही नसतं, आणि असा आंबलेला लगदा टाळूवर पुळ्या आणू शकतो. शिकेकाई-रिठ्यातलं सॅपोनिन हे फेस आणणारं द्रव्य मळ काढतं, पण कोरडी भुकटी चोळली की दांडा खरवडला जातो. उकळून, गाळून, पाण्यासारखं वापरावं आणि डोळे मिटून धुवावं, कारण सॅपोनिन डोळ्यांना चांगलंच झोंबतं. लिंबाच्या रसाचा सामू (आम्लता मोजणारा pH) २ ते २.५ असतो. तो टाळूवर तसाच लावून उन्हात गेलं तर त्वचेवर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, सामू ८ च्या वर. तो केसाची खवली उघडतो, आणि मग केस एकमेकांत अडकून तुटतात. टाळूचा सामू ५.५ च्या आसपास असतो, हे दोन्ही पदार्थ त्याच्यापासून फार दूर आहेत.

मेंदीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण 'नैसर्गिक' या शब्दाने सर्वांत जास्त इजा इथे होते. मेंदीच्या पानातल्या रंगद्रव्याचं नाव लॉसोन, आणि त्याचा रंग नारिंगी-तांबूस. शुद्ध मेंदी काळा रंग देत नाही. निळीच्या पाल्याची दुसरी फेरी न देता 'काळी मेंदी' पंधरा मिनिटांत काळेभोर केस देत असेल, तर त्यात पॅरा-फिनिलीनडायअमीन असण्याची शक्यता मोठी. या रसायनाची ॲलर्जी झाली की टाळू आणि पापण्या सुजतात, पाणी वाहतं, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. युरोपीय संघात केसांच्या रंगात ते वापरताना २ टक्क्यांची मर्यादा आहे आणि डब्यावर इशारा छापावा लागतो. डब्यावर फक्त 'हर्बल' लिहिलेलं असेल तर वापरणाऱ्याला ते कळणार कसं? कानामागे थोडा लेप लावून ४८ तास वाट पाहणं, एवढाच बचाव घरी हाती असतो.

आता टाळू. ही जिवंत त्वचा आहे आणि तिच्यावर औषध चालतं. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती चरबीवर जगते. प्रयोगशाळेत तिचे काही प्रकार वाढवायला ऑलिव्ह तेलाचाच थर देतात. कोंडा म्हणजे टाळू 'कोरडी' पडली अशी समजूत आहे, म्हणून लोक रात्रभर टाळूवर तेल मुरवतात. तेलाने खपल्या चिकटून बसतात, दोन दिवस डोकं स्वच्छ दिसतं, बुरशीला मात्र खाद्य मिळतं आणि आठवडाभरात कोंडा पुन्हा उभा राहतो. कोंडा असताना तेल लांबीवर लावा, टाळूवर नको.

वनस्पतीच हवी असेल तर टी ट्री तेल आहे. २००२ साली १२६ जणांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. ५ टक्के हा आकडा महत्त्वाचा आहे. तो म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ मिलिलिटर. बाटलीवर 'टी ट्रीयुक्त' लिहून आत ०.१ टक्का घातलं तर सुगंध तेवढा मिळेल. उलट टोकाची चूक म्हणजे निव्वळ तेल थेट टाळूवर चोळणं, त्याने त्वचा पोळते. जुनं, उघडं राहिलेलं तेल हवेने बदलतं आणि ॲलर्जीची शक्यता वाढते, म्हणून बाटली गडद काचेची आणि घट्ट बुचाची असावी. हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. महिनाभरात फरक नसेल तर किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू घ्यावा, त्यात कमीपणा नाही. कोरफड लावायची तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं, पिवळा चीक गळू द्यावा, धुवावं आणि मगच पारदर्शक गर काढावा. कोरफडीने खाज सुटली अशी तक्रार असते, तेव्हा बरेचदा दोष त्या चिकाचा असतो.

आणि मूळ. सर्वांत मोठे दावे इथलेच, आणि पुरावा सर्वांत विरळ. कांद्याच्या रसाची चाचणी खरी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रोज दोनदा रस लावणाऱ्या २३ पैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले, नळाचं पाणी लावणाऱ्या १५ पैकी फक्त दोघांना. पण हे सगळे रुग्ण चाईचे, म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस जाण्याचे, होते. चाईत शरीराचीच प्रतिकारशक्ती मुळांवर हल्ला करते, आणि लहान चट्टे अनेकदा आपोआप भरून येतात. चाचणीत माणसं थोडी होती. वंशपरंपरेने पडणाऱ्या टकलावर हा रस त्यात तपासलाच नव्हता. तरी कांद्याच्या तेलाची जाहिरात पाहा, ती विरळ होत चाललेल्या केसांच्या माणसाला उद्देशून असते.

रोझमेरीचंही तसंच. २०१५ ची चाचणी १०० जणांवर, सहा महिने चालली. निम्म्यांना रोझमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्यासाठी लावायचं औषध. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत सुरुवातीपेक्षा फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्हींत केस वाढलेले दिसले. यातून 'मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी' हे वाक्य जन्मलं. पण काहीच न लावलेला तिसरा गट या चाचणीत नव्हता, आणि पुरुष सहसा ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल वापरतात. करून पाहायचं असेल तर ३० मिलिलिटर साध्या तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, आणि निदान सहा महिने. पानं उकळून केलेल्या पाण्याचा या चाचणीशी संबंध नाही, त्यात काय किती उतरलं हे मोजलेलंच नसतं. माका आणि जास्वंदीचे गाजणारे निष्कर्ष प्रामुख्याने उंदीर-घुशींवरचे आहेत. त्यांच्या अंगावरचे केस लाटेसारखे एकत्र वाढतात आणि एकत्र थांबतात, माणसाच्या टाळूवर प्रत्येक मुळाचं घड्याळ वेगळं. तिथलं यश इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

मुळाला खरं पोषण मिळतं रक्तातून, म्हणून आहाराचा मुद्दा तेलाच्या आधी यायला हवा. प्रथिनं दर किलो वजनामागे निदान ०.८ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ च्या आसपास, एक पेला दुधात ६-७. दिवसाचा हिशेब एकदा कागदावर मांडला की कमतरता लगेच दिसते. लोहाचं मोजमाप फक्त हिमोग्लोबिनवर करू नये, ते ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. साठा कळतो फेरिटिनवरून. निरोगी प्रौढात ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं तर जागतिक आरोग्य संघटना लोहाची कमतरता मानते. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा तपासणी बरं झाल्यावर करावी. डाळी-पालेभाज्यांतलं लोह 'क' जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं, चहा-कॉफीने कमी. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवणं हा केसांसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत.

गोळ्यांवर माझा खरा राग आहे. बायोटिन या 'ब' गटातल्या जीवनसत्त्वाची प्रौढाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम मानली जाते, केसांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. कमतरता विरळाच असते, आणि ती नसताना जास्त घेतल्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही. वर धोका असा की रक्ताच्या काही चाचण्यांत हेच बायोटिन वापरतात. रक्तात ते जास्त असलं की थायरॉईडचे आकडे चुकतात, हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी मोजतात ते ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात एका मृत्यूचा उल्लेख होता. म्हणजे केस गळतात म्हणून थायरॉईड तपासायला गेलेल्याचा अहवाल केसांची गोळीच बिघडवते. 'अ' जीवनसत्त्व किंवा सेलेनियम हे खनिज जास्त झालं तर उलट केस गळतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात चुकून लेबलवरच्या मात्रेच्या २०० पट सेलेनियम गेलं. २०१ जण बाधित झाले, त्यांतल्या बहुतेकांचे केस गळले. आणि ज्यांना वाटतं की धोका कारखान्यातूनच येतो, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्रान्समधली नोंद आहे: कडू भोपळ्यातल्या कुकुरबिटासिन या कडू विषारी द्रव्याने दोन स्त्रियांना आधी उलट्या झाल्या आणि काही दिवस-आठवड्यांनी त्यांचे केस मोठ्या प्रमाणात गळले. कडू लागलेला भोपळा, नैसर्गिक असला तरी, थुंकून टाकावा.

नियम करणं अशक्य आहे असं नाही. १९८९ मध्येच अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने, मंजुरीशिवाय 'केस उगवतात' असा दावा करून विकल्या जाणाऱ्या लावायच्या औषधांवर बंदी घातली. तपासलेल्या घटकांच्या यादीत बायोटिन, होहोबा तेल आणि गव्हांकुराचं तेल होतं. युरोपीय संघाचा २०१३ चा नियम सौंदर्यप्रसाधनाच्या प्रत्येक दाव्याला पुरावा मागतो. पळवाट मात्र तिथेही उरते: 'उगवतात' ऐवजी 'दाट दिसतात', 'मुळांना बळ देतं' असं लिहिलं की दावा औषधाचा राहत नाही, वाचणारा मात्र तोच अर्थ घेतो. म्हणून जागा लिहिण्याची सक्ती हवी.

यावर दोन आक्षेप येतात. एक, छोट्या उत्पादकाला चाचणी परवडत नाही. मग त्याने परवडेल तो दावा करावा. 'दांड्यासाठी: केस मऊ राहतात, कमी तुटतात' हे प्रयोगशाळेत केसांच्या बटीवर, माणसाशिवाय तपासता येतं. 'टाळूसाठी' लिहायचं तर मुख्य घटकाचं प्रमाण टक्क्यांत आणि निदान चार आठवड्यांची चाचणी. 'मुळासाठी' लिहायचं तर माणसांवरची, तुलनेचा गट असलेली, किमान सहा महिन्यांची चाचणी. एवढा काळ यासाठी की काही महिन्यांत आपोआप होणाऱ्या सुधारणेला औषधाचं यश समजलं जाऊ नये. दुसरा आक्षेप दीर्घ वापराचा: पिढ्यान्‌पिढ्या वापरलं ते निरुपयोगी कसं असेल? दीर्घ वापराने एखादी गोष्ट लगेच भाजत नाही आणि केस मऊ करते हे नक्की कळतं. गळती तिने थांबवली की ती थांबणारच होती, हे त्यातून कळत नाही, मग वापर शंभर वर्षांचा असो.

सरमिसळीची किंमत पैशांपुरती असती तर चाललं असतं. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला, खवले आले, तर तो खवडा असू शकतो. त्यातली बुरशी केसाच्या आत असते. वरून लावलेलं कोणतंही तेल किंवा मलम तिथे पोहोचत नाही, पोटातून औषध काही आठवडे द्यावं लागतं. तेल बदलत महिने घालवले तर सुजून, पू होऊन तिथली मुळं कायमची जाऊ शकतात, आणि तोवर घरातल्या इतर मुलांनाही लागण होते. मोठ्यांत टाळूवर गुळगुळीत, चकचकीत डाग दिसू लागला आणि त्यात केसांची छिद्रंच उरली नसतील, किंवा टाळू दुखते, जळजळते, तर तो व्रण पाडणारा आजार असू शकतो. तिथे गेलेला केस परत येत नाही, उरलेला तेवढा वाचवता येतो. अशा वेळी 'सहा महिने नेमाने लावा' असं सांगणारी बाटली घरात असेल, तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ असायला हवी: चट्टा पडला असेल, टाळू दुखत असेल किंवा लहान मुलाचे केस जात असतील, तर हे लावू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.